प्रवेशद्वाराचें मोल

करमणुकीला किंमत असावी कीं नसावी हा वाद फारसा कोणी घालीत नाहीं. परंतु ती किंमत कोठें घ्यावी, दारांत कीं आंत, आणि किती घ्यावी, हा प्रश्न मात्र जवळजवळ तीनशें वर्षें चालत आलेला आहे. आपल्याकडील जत्रेला दार नसतें. त्या गर्दींत कोणींहि शिरावें. पाळण्यांत बसावयाचें असेल त्यानें पाळणेवाल्याच्या हातावर पैसा ठेवावा. ज्याच्या कनवटीला पैसा नसेल त्यानें चार घटका नुसतें पाहून आनंदानें घरीं जावें, अशी तिची रीत. तेथें पाहण्याला मोल नाहीं, बसण्याला आहे. आजच्या थीम पार्काची रीत याच्या अगदीं उलट आहे. तेथें मोल आंत पाऊल टाकण्याचें. आणि तें पाऊल दिवसेंदिवस इतकें महाग होत चाललें आहे कीं, या खर्चाचा मोबदला आपणांस खरोखर मिळतो काय, असा प्रश्न खाऊनपिऊन सुखी असलेलीं कुटुंबेंहि आतां विचारूं लागलीं आहेत. या प्रश्नाचें उत्तर केवळ आजच्या दरपत्रकांत सांपडणार नाहीं. त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

लंडन शहरासमोर, थेम्स नदीच्या दक्षिणतीरावर, व्हॉक्सहॉल नांवाची एक बाग होती. जोनाथन टायर्स या गृहस्थानें ती १७२९ सालीं पट्ट्यानें घेतली आणि १७३२ सालीं मोठ्या थाटानें लोकांस खुली केली. पुढें लौकरच तिचा प्रवेशाचा दर एक शिलिंग ठरला आणि तो १७९२ पर्यंत, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ, कायम राहिला. एक शिलिंग ही त्या काळच्या लंडनमधील साध्या मजुराची सुमारें अर्ध्या दिवसाची कमाई होय. ती रक्कम ठरविण्यांत टायर्सचें धोरण स्पष्ट दिसतें: अगदींच दरिद्री मनुष्य दाराबाहेर राहावा, परंतु एखाद्या कारागिरास हौसेच्या दिवशीं बायकोमुलांसह आंत येतां यावें. शिलिंग दिला कीं संगीत, सहस्रावधि दिव्यांची रोषणाई, हेमनचीं चित्रें आणि हँडेलचा संगमरवरी पुतळा हें सर्व डोळेभर पाहावयास मोकळीक असे. उमराव आणि दुकानदार एकाच पायवाटेवरून चालत.

मग टायर्सचा नफा कोठें होता? तो खाद्यपेयांत होता. व्हॉक्सहॉलच्या फराळाचे दर जबर असत, आणि तेथील डुकराच्या मांसाचे काप इतके पातळ असत कीं, त्यांतून वर्तमानपत्र वाचतां येईल असा विनोद त्या काळीं घरोघर झाला होता. दारांत स्वस्ताई आणि आंत महागाई या युक्तीचा शोध अशा रीतीनें अमेरिकेंत लागलेला नसून तो लंडनच्या या बागेंतच लागलेला आहे. विशेष प्रसंगीं दारांतील दरहि चढत असे. १७४९ च्या एप्रिलांत हँडेलच्या आतषबाजीच्या संगीताची रंगीत तालीम येथें झाली, तेव्हां अडीच शिलिंग देऊन बारा हजारांवर लोक आले आणि लंडन ब्रिजवर कित्येक तास गाड्या अडकून पडल्या, असें तत्कालीन वृत्तांतांत नमूद आहे. गर्दीच्या दिवशीं अधिक दर हें तत्त्वहि, तेव्हां, नवें नव्हे. १७९२ मध्यें दर दुप्पट झाला. १८५९ मध्यें ती बाग कायमची बंद पडली.

डेन्मार्कच्या राजधानींत १८४३ सालीं गेओर्ग कार्स्टेनसेन यानें तिव्होली उद्यान काढलें. तें आजहि चालूं आहे. तेथें दारांत एक दर आणि खेळांस निराळा, ही पद्धत पौणेदोनशें वर्षांहून अधिक काळ टिकली आहे. केवळ फुलें पाहावयास, गाणें ऐकावयास किंवा कांठच्या बांकावर बसावयास जो जातो, त्याच्यावर रोलर कोस्टरच्या खर्चाचा भार टाकावयाचा नाहीं, असा या पद्धतीचा न्याय आहे.

अमेरिकेंतील प्रकार याहून धामधुमीचा. न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंडच्या समुद्रकांठीं एकोणिसाव्या शतकांत मोकळ्या जत्रेसारखा बाजार भरत असे. आणि त्याच्याबरोबर जुगार, दारू आणि खिसेकापू हेहि येत. १८९५ मध्यें पॉल बॉयटन यानें तेथें कुंपण घालून पहिलें तिकिट लावलें. १८९७ मध्यें जॉर्ज टिल्यू यानें स्टीपलचेस पार्क काढलें आणि पंचवीस सेंटांत दिवसभर वाटेल तितके खेळ, असें एकत्रित तिकिट सुरू केलें. कुंपणाचा हेतु केवळ पैसा हा नव्हता. कुंपणाच्या आंत कुटुंबवत्सल मनुष्यानें बायकोमुलांस निर्धास्तपणें न्यावें, ही हमी त्या पंचवीस सेंटांत विकली जात होती. या टिल्यूची व्यवहारबुद्धि एवढी तल्लख कीं, १९०७ मध्यें त्याचें पार्क आगींत भस्म झालें, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं, जळालेले अवशेष पाहण्यासाठीं दहा सेंट, अशी पाटी त्यानें दाराशीं लावली! १९२० मध्यें भुयारी आगगाडी पांच सेंटांत कोनी आयलंडपर्यंत नेऊं लागली आणि उन्हाळ्यांतील सुटीच्या दिवशीं तेथें लाखों लोक लोटूं लागले. ज्यांच्या घरांत वारा येत नव्हता अशा कामकऱ्यांची ती हक्काची हवा होती.

वॉल्ट डिस्नेनें मध्यंतरीच्या काळांत कोनी आयलंड आणि तिव्होली हीं स्थळें पाहिलीं. कोनी आयलंडची मोडकळीस आलेली कळा त्यास आवडली नाहीं. तिव्होलीची स्वच्छता आवडली. कॅलिफोर्नियांतील अनाहाइम येथें, संत्र्यांच्या बागा तोडून, सुमारें एक कोट सत्तर लक्ष डॉलर खर्चून त्यानें डिस्नेलँड उभारलें आणि १७ जुलै १९५५ रोजीं त्याचें उद्घाटन केलें. प्रौढांस एक डॉलर, मुलांस पन्नास सेंट, आणि आंतील प्रत्येक खेळास दहा ते पस्तीस सेंट निराळे, असा पहिला दर होता. मोटार उभी करण्यास पंचवीस सेंट. ज्या काळीं पुष्कळ करमणूक-उद्यानांत प्रवेश फुकट असे, त्या काळीं दारांत डॉलर मागणें कित्येकांस धाडसाचें वाटलें. महागाईची तक्रार पहिल्या दिवसापासूनच आहे. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळें पाण्याचे नळ पुरेसे बसवितां आले नाहींत, तेव्हां गोड पेयें खपावीत म्हणून मुद्दाम पाणी तोडलें आहे, असा आरोप झाला. वस्तुतः डिस्नेपुढें पाण्याचे नळ कीं शौचकूप असा पेंच होता, आणि त्यानें शौचकूप पसंत केले. परंतु ज्यानें दारांत पैसे मोजले आहेत त्याचा संशय आंत गेल्यावर जागा राहतो, हा मनुष्यस्वभाव या प्रसंगीं प्रकट झाला. तरीहि दोन महिने पुरे होण्याच्या आंत दहा लक्ष लोक येऊन गेले.

प्रत्येक खेळापाशीं सुटे पैसे काढण्याचा त्रास टाळण्यासाठीं त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तिकिटांचीं पुस्तकें निघालीं. प्रवेश आणि आठ खेळ मिळून प्रौढांस अडीच डॉलर आणि लहान मुलांस दीड डॉलर. खेळांची ए, बी, सी अशी प्रतवारी ठरली. १९५६ मध्यें डी, आणि १९५९ मध्यें मॅटरहॉर्नचा डोंगर, पाणबुडी व मोनोरेल आल्यावर ई ही श्रेष्ठ प्रत आली. या पुस्तकांत एक गमतीची गोष्ट घडे. ई तिकिटें दुपारपर्यंत संपत आणि ए तिकिटें संध्याकाळीं शिल्लक राहात. तीं घरोघरच्या खणांत वर्षानुवर्षें पडून असत. 'ई तिकिट' हा शब्द तर अमेरिकन भाषेंत उत्कट अनुभवाचा पर्याय होऊन बसला. १९८३ मध्यें सॅली राइड ही अंतराळांत गेली, तेव्हां त्या उड्डाणाचें वर्णन करावयास तिला हाच शब्द सुचला. शिल्लक राहिलेल्या तिकिटांमुळें लोकांस पुनः येण्याची ओढ लागे, आणि जुनें मेरी-गो-राउंड रिकामें न राहतां त्यावरहि कोणी तरी बसे. गर्दी आपोआप सर्व मैदानभर वांटली जाई.

या दुहेरी दराचें अर्थशास्त्र वॉल्टर ओय या विद्वानानें १९७१ मध्यें एका प्रसिद्ध निबंधांत उलगडून दाखविलें. त्याचें सार असें: ज्याची मक्तेदारी आहे त्यानें आंतील खेळ जवळजवळ खर्चाच्या भावानें द्यावेत, म्हणजे गिऱ्हाइकास त्यांत पुष्कळ आनंद मिळेल, आणि तो सगळा आनंद नंतर दारांतील दराच्या रूपानें एकदम वसूल करून घ्यावा. निबंध डिस्नेलँडच्या नांवानें होता, परंतु तेथील व्यवहार त्या वेळीं याच्या उलट होता: दर दारांत थोडा आणि खेळांत अधिक. टेक्सासमधील सिक्स फ्लॅग्ज या उद्यानानें १९६१ पासूनच एकदां पैसे द्या आणि दिवसभर खेळा हा मार्ग धरला होता. १९८२ च्या उन्हाळ्यांत डिस्नेलँडनेंहि पुस्तकें बंद केलीं आणि बारा डॉलरांचें एकच तिकिट लावलें. शास्त्रज्ञाचें भाकित अकरा वर्षांनीं व्यवहारानें खरें केलें.

लोकांनीं या बदलाचें स्वागत केलें, आणि तें योग्यहि होतें. मुलाचा हात धरून चालणाऱ्या बापास दर पन्नास पावलांवर हिशेब करावा लागूं नये, यासारखें सुख नाहीं. परंतु या सोयीच्या पोटांत एक बीज होतें. जोंवर खेळांस निराळें मोल होतें, तोंवर कोणता खेळ महाग आहे हें गिऱ्हाइकास दिसत होतें आणि नको तो खेळ टाळून त्यास पैसे वांचवितां येत होते. एकच दर झाल्यावर त्याच्या हातीं होय किंवा नाहीं एवढेंच राहिलें. शिवाय, १९८४ मध्यें कंपनी परक्यांच्या हातीं जातां जातां वांचली आणि मायकेल आइसनर व फ्रँक वेल्स हे नवे चालक आले, तेव्हां त्यांनीं वारंवार दर वाढवून पाहिले. लोकांची रीघ कांहीं विशेष कमी झाली नाहीं. जी वस्तु महाग केली तरी गिऱ्हाइक परत फिरत नाहीं तिचा भाव कोठें थांबावयाचा, याला मग बाहेरचें बंधन राहत नाहीं.

तो कोठवर गेला हें पाहण्यासाठीं नुसते डॉलर मोजून भागणार नाहीं, कारण डॉलरहि आपल्या रुपयाप्रमाणेंच झिजत असतो. श्रमाच्या तासांचें माप अधिक प्रामाणिक आहे. १९५५ मध्यें अमेरिकेंतील कायद्यानें ठरलेलें किमान वेतन तासास पाऊण डॉलर होतें. तेव्हां अडीच डॉलरांचें पुस्तक म्हणजे तीन तास वीस मिनिटांचे श्रम. १९८२ मध्यें वेतन तीन डॉलर पस्तीस सेंट आणि तिकिट बारा डॉलर. म्हणजे साडेतीन तासांहून थोडें अधिक. सत्तावीस वर्षांत माप जवळजवळ हललेंच नाहीं, आणि व्हॉक्सहॉलच्या अर्ध्या दिवसाच्या शिलिंगाहून तें फारसें निराळेंहि नव्हतें. आतां पुढचें पाहा. २०१६ मध्यें दिवसागणिक निरनिराळे दर सुरू झाले. २०२५ च्या ऑक्टोबरांत जाहीर झालेल्या दरपत्रकांत मंदीच्या दिवसाचें तिकिट १०४ डॉलर आणि ऐन गर्दीच्या दिवसाचें २२४ डॉलर होतें. कॅलिफोर्नियाचें त्या वर्षींचें किमान वेतन तासास साडेसोळा डॉलर. म्हणजे स्वस्तांतला दिवस सहा तासांहून अधिक, आणि महाग दिवस साडेतेरा तासांहून अधिक श्रमांचा झाला. ज्या राज्यांत २००९ पासूनचें सव्वासात डॉलरांचें केंद्रीय वेतनच चालतें, तेथून येणाऱ्या मजुरास स्वस्त दिवसासाठींहि चौदा तास राबावें लागेल. मुलांच्या सवलतीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९५५ च्या ऑक्टोबरांत लहान मुलाचें पुस्तक प्रौढाच्या पुस्तकाहून शेंकडा चाळीस टक्क्यांनीं स्वस्त होतें. आतां तें अंतर सुमारें सहा टक्क्यांवर आलें आहे. मुलांच्या नांवानें उभ्या राहिलेल्या स्थळानें मुलांस जवळजवळ प्रौढांच्या दरांत आणून बसविलें आहे.

दुसरी बाजूहि न्यायबुद्धीनें मांडली पाहिजे. १९५५ च्या पुस्तकांत आठ खेळ होते. आज एका तिकिटांत पन्नासाहून अधिक खेळ येतात. त्यांतील एकेक खेळ उभारण्याचा खर्च मूळच्या सबंध डिस्नेलँडच्या खर्चाहून कितीतरी पट असतो. रात्रभर झाडलोट होते. सकाळीं रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाहीं. आणि मुख्य म्हणजे जागा मर्यादित आहे. वर्षास सुमारें एक कोट सत्तर लक्ष लोक येतात, मैदान मात्र वाढत नाहीं. अशा ठिकाणीं दर स्वस्त ठेवला तर लोकांची वांटणी पैशानें न होतां रांगेनें होईल. आणि रांगेंत घालविलेला दिवस म्हणजेहि एक प्रकारें दिलेली किंमतच होय. मंदीच्या दिवसाचें १०४ डॉलरांचें तिकिट २०१९ पासून वाढलेलें नाहीं. ज्यास सवड आहे त्यानें त्या दिवशीं यावें, असें चालक म्हणूं शकतात. हा युक्तिवाद पोकळ नाहीं. परंतु शाळेंत जाणारीं मुलें ज्यांच्या घरीं आहेत त्यांस मंदीचा दिवस क्वचितच लाभतो. मुलांच्या सुटीचे दिवस तेच महागाईचे दिवस. यामुळें ही सवड ज्यांस मिळते त्यांस तिची गरज थोडी, आणि ज्यांस गरज आहे त्यांस ती मिळत नाहीं.

तथापि आमच्या मतें खरी मेख दाराच्या दरांत नाहीं. ती रांगेंत आहे. १९९९ मध्यें डिस्ने उद्यानांत फास्टपास निघाला: खेळापाशीं जाऊन चिठ्ठी घ्यावी आणि ठरलेल्या वेळीं येऊन वेगळ्या वाटेनें आंत शिरावें. तो सर्वांस फुकट होता. चतुर मनुष्यास त्याचा अधिक लाभ होई, परंतु श्रीमंतास श्रीमंत म्हणून होत नसे. २०२१ च्या डिसेंबरांत त्याच्या जागीं डिस्नेलँडमध्यें दरमाणशीं वीस डॉलरांची नवी सोय आली; आणि २०२४ च्या अखेरीस, एका दिवसास माणशीं तीनशें ते चारशें डॉलर देणाऱ्यास जवळजवळ प्रत्येक मोठ्या खेळाची रांग टाळण्याची मुभा मिळाली. म्हणजे तिकिटाहूनहि रांग टाळण्याचें मोल अधिक! १९८२ मध्यें मोडलेली प्रतवारी अशा रीतीनें परत आली. परंतु ए पासून ई पर्यंतची ती जुनी प्रतवारी खेळांची होती, ही नवी प्रतवारी माणसांची आहे. जुन्या पद्धतींत ई तिकिटवाले सारे एकाच रांगेंत उभे राहात. आतां दोन कुटुंबें एकाच दारांतून आंत शिरतात, आणि त्यांतील एक तासभर उभें असतां दुसरें त्याच्या डोळ्यांदेखत पुढें निघून जातें. उभ्या असलेल्या मुलाच्या मनांत त्या वेळीं काय येत असेल, हें कोणत्याहि हिशेबवहींत लिहिलें जात नाहीं.

रांग ही लोकशाहीची एक लहानशी शाळा आहे असें कित्येकांस वाटतें, आणि त्यांत तथ्य आहे. टायर्सच्या बागेंत उमरावास निराळी पायवाट नव्हती. टिल्यूच्या पार्कांत पंचवीस सेंटांच्या वर कोणासहि कांहीं मिळत नव्हतें. करमणुकीचा आनंद हा पुष्कळसा सहवासाचा आनंद असतो. जेथें भोवतालचे शेंकडों लोक आपल्याबरोबरच भितात आणि आपल्याबरोबरच हंसतात, तेथें आपलें भय आणि हास्य दुणावतें. त्या सहवासांत भिंत उभारून जो विकतो, तो स्वतःच्याच मालाचा कस कमी करतो.

मग मोबदला मिळतो कीं नाहीं? याचें एकच उत्तर देतां येणार नाहीं. ज्याचें दार चढें आहे पण ज्याच्या आंत सर्व समान आहेत, तें स्थळ महाग असेल. पण त्यास अन्यायी म्हणतां येणार नाहीं. ज्याचें दार मोकळें आहे आणि प्रत्येक खेळास दाम आहे, तें स्थळहि आपल्या परीनें न्यायी आहे. पेनसिल्व्हेनियांतील नोबल्स हें उद्यान १९२६ पासून चालूं आहे. तेथें प्रवेश फुकट, मोटार उभी करणें फुकट, आणि खेळ तेवढे पैशानें. नातवंडांस झोक्यावर बसवून आजोबा झाडाखालीं बसून राहिले तर त्यांस कोणी पैसा मागत नाहीं. परंतु ज्या ठिकाणीं दारांत पूर्ण किंमत घेऊन पुनः आंत समानता विकत घ्यावी लागते, तेथें एकाच वस्तूचें मोल दोनदां मागितलें जातें. आणि तेथें मोबदला पुरता मिळतो असें म्हणणें आम्हांस कठीण वाटतें.

गोराई येथें १९८९ मध्यें निघालेलें एस्सेलवर्ल्ड आणि खोपोलीजवळ २०१३ मध्यें निघालेलें इमॅजिका हीं याच अमेरिकन वंशाचीं उद्यानें होत. तेव्हां हा विचार केवळ सातासमुद्रांपलीकडचा आहे असें वाचकांनीं मानूं नये. आपल्याकडेहि अशीं उद्यानें वाढतील आणि त्यांचे दरहि वाढतील. त्या वेळीं तिकिटावरील आंकडा पाहून आपण कुरकुर करूं, तें स्वाभाविकच आहे. परंतु त्या आंकड्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावयास विसरूं नये: दाराच्या आंत शिरल्यावर आपल्या मुलास आणि शेजाऱ्याच्या मुलास एकाच रांगेंत उभें राहावयास मिळणार आहे काय?